लाँड्रीवाल्याच्या टाकीतला मळ

दिनांक १७ जून, सोमवार. महाविद्यालयाच्या वार्षिक छायाचित्रासाठी घालावा म्हणून मी माझा काळा कोट प्लास्टिकच्या आवरणातून बाहेर काढला, आणि त्याचे दोन्ही खांदे नाहीसे झाल्याचे माझ्या निदर्शनास आले. कापड जागेवर होते. अस्तरही जागेवर होते, आणि ते इतक्या सफाईने पुन्हा शिवलेले होते की बाहेरून कोणास शंका येऊ नये. परंतु ज्या दोन पॅडांच्या आधारावर कोट हा कोट दिसतो, ती दोन्ही पॅड आतून काढून घेण्यात आली होती. दुसरा कोट माझ्याकडे नाही. तोच घालून मी गेलो. ते छायाचित्र आता ग्रंथालयाच्या जिन्यावर कायमचे लागले आहे, आणि त्यात दुसऱ्या रांगेत इतिहास विभागाचा प्रमुख दोरीवर वाळत घातलेल्या टॉवेलासारखा उभा आहे.

हा कोट मी धुलाईसाठी कोण्या परक्या माणसाकडे दिला नव्हता. माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीच्या यजमानांची लाँड्री तळमजल्यावर आहे आणि मी त्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहतो. छायाचित्राहून परतल्यावर मी थेट दुकानात गेलो आणि विचारले, "दाजी, माझे खांदे कुठे आहेत?"

दाजींनी इस्त्रीवरून मान वर केली, काउंटरमागच्या काचेच्या टाकीकडे बोट दाखवले आणि अत्यंत आनंदाने म्हणाले, "तिथे. पाण्यात. मजेत आहेत."

हा गृहस्थ कोण, हे कळल्याशिवाय माझ्या तक्रारीचे वजन वाचकांच्या ध्यानात यावयाचे नाही. म्हणून प्रथम ते सांगतो.

दाजींनी उभे आयुष्य पांढऱ्या रंगाच्या सेवेत घालवले. समोरच्या माणसाच्या चेहऱ्याआधी ते त्याची कॉलर पाहतात. गिऱ्हाइकांची नावे त्यांच्या लक्षात राहत नाहीत, डाग राहतात. "ते शाईवाले येऊन गेले," "त्या कॉफीवाल्या बाईंचं झालं का?" अशा भाषेत दुकान चालते. कुणी भडकून आला की दाजी त्याच्यापुढे खुर्ची सरकवतात आणि म्हणतात, "बरोबर आहे तुमचं." त्यानंतर भांडणार कसे? मी एकदा त्यांना या वृत्तीविषयी छेडले, तेव्हा म्हणाले, "प्राध्यापक, भांडण डागासारखं असतं. गरम पाणी ओतलं की पक्कं बसतं." मला ते नेहमी 'प्राध्यापक' म्हणतात. मेहुण्याची थट्टा करण्याचा हक्क आपल्याला लग्नातच मिळाला, असे त्यांचे मत आहे.

दुकानाचा एक नियम मात्र ते कडकपणे पाळतात. उंबऱ्याच्या आत आलेली वस्तू टॅगशिवाय राहता कामा नये. शर्ट आणि चादरींचे ठीक आहे. परंतु दाजींच्या स्वतःच्या छत्रीला, चष्म्याच्या घराला, भिंतीवरच्या घड्याळालाही कापडी टॅग बांधलेला आहे. बोलता बोलता त्यांचा हात आपोआप टॅगांच्या डब्यात जातो. एकदा वर्गात शिकवताना विद्यार्थ्यांच्या हसण्यावरून मला कळले की माझ्या मफलरला मागे टॅग लटकतो आहे. हीही तक्रार मी त्या वेळी केली होती. उत्तर: "बरोबर आहे तुमचं."

आता टाकी. माझी भाची शाळेत असताना पिशवीतल्या पाण्यात घालून एक गोल्डफिश घेऊन आली. त्याचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा आणि काळाभोर, कोटाच्या बटणासारखा. म्हणून त्याचे नाव बटण. भाची पुढे शिकली, लग्न करून दुसऱ्या शहरात गेली. बटण मात्र राहिले आणि वाढत वाढत तळहाताएवढे झाले. ताईचा सारा जीव त्याच्यात. दुपारी गिऱ्हाईक नसले की ती स्टूल ओढून टाकीशी बसते आणि लेकीच्या तक्रारी बटणाला सांगते. ऐकून घेणारे या घरात तेवढेच आहे, असे तिचे म्हणणे. मी त्यास सहमत आहे.

भाचीचे दिवस भरत आले तेव्हा ताई तिच्याकडे जायला निघाली. दारात रिक्षा उभी, आणि हिच्या सूचना संपेनात.

"अहो, बटणाला चिमूटभरच घाला. थोडं थोडं पाणी बदलत राहा. आणि त्या फिल्टरला हात लावायचा नाही."

"नाही लावत."

"ओळखून आहे मी तुम्हाला. नाही म्हणजे नाही."

"अगं, मी काय लहान आहे?"

"लहान असतात तर कडेवर घेऊन गेले असते. पोरीला काय सांगायचं मी, बटणाला काही झालं तर? ती तिकडे अशा अवस्थेत."

का हात लावायचा नाही, हे मात्र तिने सांगितले नाही. आणि इथेच जगात दुसरा कोणी करणार नाही अशी चूक आमच्या दाजींनी केली. टाकीच्या कोपऱ्यात अर्धगोल आकाराचा फिल्टर आहे. पाणी खालून आत शिरते, थरांतून गाळले जाते आणि वरून परत पडते. ताई गेल्यावर दाजींनी त्याचे झाकण उचलले. आतला स्पंज तपकिरी, बुळबुळीत, मळाने भरलेला. लाँड्रीवाल्याच्या घरात! त्यांनी विचार केला: हात लावू नका म्हणाली, म्हणजे तिला या मळाची लाज वाटत असणार. बिचारीला कधी सवड मिळाली नाही आणि सांगायचे धाडस झाले नाही. परत येईल तेव्हा थक्क होईल असे करून ठेवू.

त्यांनी ते सारे गरम पाण्यात, धुण्याच्या सोड्यात आणि वर चमचाभर ब्लीचमध्ये असे धुतले की जणू उद्या त्याचे लग्न आहे. मला हाक मारून दाखवले. "बघा प्राध्यापक, हा निळा आहे! इतकी वर्षं आम्ही समजत होतो, तपकिरीच घेतलाय." सिरॅमिकच्या नळकांड्या, ज्यांना रिंगा म्हणतात, नव्या कवळीसारख्या चमकत होत्या. वास जाईपर्यंत खळबळून, उन्हात वाळवून दाजींनी सर्व जागच्या जागी बसवले आणि शीळ घालत कामाला लागले.

आठवडा सरला नाही तोच टाकीतले पाणी खळीसारखे पांढुरके झाले. बटण वर येऊन तोंड उघडझाप करू लागले. खाणे टाकले की ते शेजारून वाहून जाई आणि हे बघतसुद्धा नसे. संध्याकाळी भाचीचा व्हिडिओ कॉल आला.

"बाबा, बटण दाखवा ना."

दाजींनी फोन टाकीसमोर धरला, जरा लांबूनच.

"पाणी असं दुधासारखं का दिसतंय?"

"फोनची काच पुसायची राहिलीय गं."

"तुमच्याकडे? काच पुसायची राहिलीय?" ती हसली. दाजीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र त्यांनी हातातली चादर घडी न करताच बाजूला ठेवली, आणि हे दृश्य मी प्रथमच पाहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला ओढत माशांच्या दुकानात नेले. कारण काय, तर "तुम्हाला शुद्ध बोलता येतं." दुकानाची मालकीणबाई जाळीने मासे पकडत होती.

"काय घातलंत टाकीत?" तिने विचारले.

"घातलं काहीच नाही. उलट काढलं. फिल्टर धुतला."

"कशानं?"

"सोडा, गरम पाणी, थोडं ब्लीच."

तिने जाळी खाली ठेवली. "अहो काका, अख्खं गाव मारलंत तुम्ही!"

"कुठलं गाव?"

मग तिने समजावले. मासा जी घाण करतो तिचा अमोनिया होतो, आणि तो माशालाच विषारी. स्पंजाच्या आणि रिंगांच्या भोकाभोकांत जंतूंची वस्ती असते, ती हा अमोनिया फस्त करते. तपकिरी दिसत होती ती वस्ती. स्पंज तुंबलाच तर टाकीतल्याच बादलीभर पाण्यात हलकेच पिळायचा. नळाच्या क्लोरीनखालीसुद्धा धरायचा नाही.

"जंतू?" दाजींचा आवाज चिरकला. "बाई, मी आयुष्यभर जंतू मारून पोट भरलंय."

"मग आता थोडे पाळा."

फिल्टरमध्ये काय भरावे याचीही चर्चा झाली. खाली मोठ्या भोकांचा जाड स्पंज, मोठा कचरा अडवायला. मधे रिंगा, वस्तीला जागा म्हणून. वर उशीत भरतात तसला फायबरचा कापूस, बारीक गाळ धरायला. दाजींना कोळशाची पिशवी फार आवडली, कारण पुडीवर 'पाणी काचेसारखे' असे लिहिले होते. बाई म्हणाली, "कोळसा रंग काढतो, वास काढतो. तुमचं दुखणं ते नाही. तीच जागा रिंगांना द्या." तोवर रोज थोडे पाणी बदलायचे, नव्या पाण्यात क्लोरीन मारणारे थेंब घालायचे, खाणे अगदी कमी. परंतु जंतूंची नवी वस्ती बसायला कित्येक आठवडे जातात आणि तेवढा दम बटणात दिसत नव्हता. "कुणाच्या तरी जुन्या, निरोगी टाकीतला मळ आणा," ती म्हणाली. "माझा नको, माझ्याकडे आजारी मासेही येतात-जातात."

आमच्या समोरच्या इमारतीत दातांचे डॉक्टर आहेत. त्यांच्या प्रतीक्षागृहात जुनी टाकी आहे. आम्ही गेलो तेव्हा गाल धरून बसलेली बरीच मंडळी होती. दाजींनी मला कोपराने ढोसले. मी पुढे होऊन म्हणालो, "डॉक्टर, आम्ही आपल्याकडे थोडी घाण मागण्यास आलो आहोत."

गाल धरलेल्या सगळ्या माना वळल्या.

"इथे?" डॉक्टरांनी तोंडावरचा मास्क खाली ओढला. "माझ्या दवाखान्यात घाण?"

"फिल्टरमधली हो," दाजी घाईने म्हणाले. "चांगल्यातली असेल तर."

डॉक्टर समंजस निघाले. त्यांनी आपल्या स्पंजाचा अर्धा तुकडा कापून टाकीच्याच पाण्यासकट पिशवीत दिला. एक रुग्ण म्हणाला, "डॉक्टर, मला तर सगळं काढायला सांगता, यांना मात्र देताय." दाजी खूश होऊन ती पिशवी दुकानात घेऊन आले, काउंटरवर ठेवली आणि बादली आणायला आत गेले.

आत जाताना त्यांनी, अर्थातच, पिशवीला टॅग बांधला.

धुलाईच्या खोलीत जो कारागीर आहे त्याला सगळे पैलवान म्हणतात. कामाला वाघ. टॅग लावलेली मळकी वस्तू काउंटरवर पडली आहे हे त्याला सहन होत नाही, आणि त्यासाठीच त्याला ठेवलेला आहे. बादलीची कडी निखळलेली निघाली, ती बसवण्यात दाजींचा वेळ गेला. ते बाहेर आले तेव्हा पैलवान हातात कागदात गुंडाळलेला एक पिवळाधमक, कोरडा, मऊ चौकोन घेऊन उभा होता.

"मालक, कुणाचं हो हे? काळं पाणी संपता संपेना. पण मी सोडलं नाही."

दाजींनी तो तुकडा सवयीने उजेडाकडे धरला. मला वाटले, आता तरी हा मनुष्य ओरडेल. मी त्याची वाट पाहत होतो, हे लपवीत नाही.

"छान निघालाय," दाजी म्हणाले. "खरंच छान निघालाय रे." आणि इस्त्रीच्या टेबलावर मटकन बसले.

सगळा प्रकार कळल्यावर पैलवानाचा चेहरा उतरला. "मग टॅग कशाला लावलात मालक?"

"हात लागला की लागतोच माझ्याकडून. तुझं काही चुकलं नाही."

बटण तेव्हा टाकीच्या वरच्या कोपऱ्यात तिरके झाले होते.

आम्ही पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. "आता काय, धुतलात की काय?" त्यांनी गमतीने विचारले, आणि आमचे चेहरे पाहून त्यांची गंमत थांबली. फिल्टरच्या तळातून त्यांनी ओंजळभर बुळबुळीत रिंगा काढून दिल्या. "ह्या शेवटच्या. माझ्याही माशांना जगायचंय." त्या रिंगा दाजींनी झाकणाच्या डब्यात घातल्या आणि डबा छातीशी धरून रस्ता ओलांडला. मी धरतो म्हणालो, तर दिला नाही. दुकानात शिरताना त्यांनी पैलवानाला टॅगांचा डबा उचलून माळ्यावर टाकायला लावला.

मग दाजींमधला कसबी माणूस जागा झाला. सुट्या रिंगा फिल्टरभर पसरत होत्या. मोजे हरवू नयेत म्हणून यंत्रात घालतात ती जाळीची छोटी पिशवी त्यांनी घेतली, नवी कोरी, साबण न लागलेली, आणि तीत डॉक्टरांच्या रिंगा मधे व आपल्या रिंगा भोवती अशा भरल्या, म्हणजे वस्ती शेजारी शेजारी पसरेल. खाली जाड स्पंज बसला. अडले वरच्या थराशी. फिल्टर अर्धगोल, आणि दुकानातला कापूस पाटीसारखा सपाट. कात्रीने कितीही गोल कापला तरी कडेला फट राहायची, पाणी थरातून जाण्याऐवजी फटीतून निसटायचे, आणि गाळ जसाच्या तसा टाकीत. वाटेल तसा कोंबला की मधे गच्च आणि पाणी अडून वरून सांडायचे. हवे होते काय, तर मधे जाड, कडेला पातळ होत जाणारे, अर्धचंद्राच्या आकाराचे काहीतरी.

त्यांची नजर हँगरच्या रांगेकडे गेली.

"त्या रांगेत कोट बरेच होते, प्राध्यापक," सतरा तारखेला दाजींनी मला सांगितले. "वकिलांचे, हॉटेलच्या मॅनेजरचे. पण ते दर महिन्याला ड्रायक्लीनला येतात. खांद्यांत केमिकल मुरलेलं. मासा एका तासात उलटा. तुमचा कोट मात्र शिवल्यापासून पहिल्यांदाच दुकानात आला होता."

"मी तो जपून वापरतो."

"तेच म्हणतोय. अख्ख्या गावात एवढे शुद्ध खांदे कुणाचे नव्हते. आणि आधी काढले हां, मग कोट यंत्रात घातला. आत फोम, वर फायबर, आकार तर असा की फिल्टरवाल्यानंच शिवून घ्यावा. नुसत्या टाकीच्या पाण्यात खळबळले. साबणाशिवाय धुतलेली माझ्या आयुष्यातली पहिली वस्तू."

"मला विचारायला हवं होतं."

"विचारलं असतं तर दिले असतेत?"

"मुळीच नाही."

"म्हणून नाही विचारलं."

माझी मालमत्ता पाण्याखाली असल्याने मी रोज तपासणीस जाऊ लागलो. माशांच्या दुकानातून दाजींनी तपासणीचे थेंब आणले होते. नळीत टाकीचे पाणी घेऊन थेंब टाकले की अमोनिया असल्यास हिरवा रंग येतो, नसल्यास पिवळा. डागांच्या छटा ओळखण्यात आयुष्य गेलेला मनुष्य ती नळी खिडकीशी धरून म्हणायचा, "कालच्यापेक्षा अर्धी छटा उतरली." मला दोन्ही हिरवे सारखेच दिसत. इकडे वरच्या पॅडवर हळूहळू तपकिरी झाक येऊ लागली आणि दाजींचे हाल सुरू झाले. झाकण उघडून पाहायचे आणि हात खिशात घालायचे.

"शिवशिवतात हो हात," ते म्हणत. "एकदाच. नुसतं गार पाणी."

"दाजी!"

"बघतोय फक्त."

एका सकाळी नळीतला रंग पिवळा आला. पैलवान म्हणाला पिवळा, मी म्हणालो पिवळा. दाजी म्हणाले, "किंचित हिरवट आहे," आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिल्यावर त्यांनीही मान्य केले. त्यांनी खाण्याची चिमूट टाकली. बटण तळाशी होते. ते फिरले, सावकाश वर आले, बटणाएवढ्या डोळ्याने त्या कणाकडे पाहिले आणि गट्ट केले. दाजींनी अशी आरोळी ठोकली की पैलवानाने यंत्र बंद केले आणि समोरच्या डॉक्टरांनी खिडकीतून डोके बाहेर काढले. "खाल्लं!" दाजी रस्त्यापलीकडे ओरडले. डॉक्टरांनी हातातला चिमटा उंच करून सलामी दिली.

पुढच्या महिन्यात ताई परतली. भाची तान्ह्या मुलीला घेऊन सोबत आली. चपला काढायच्या आधी दोघी टाकीपाशी. ताईने काचेवर बोट टेकवले, बटण पोहत त्या बोटापाशी आले. भाचीने बाळाला काचेजवळ धरले. "बघ, हे तुझं मोठं भावंड." बाळ झोपले होते.

ताईचा हात मात्र फिल्टरच्या झाकणावर गेला होता.

"उघडलात."

"हो," दाजी म्हणाले.

"धुतलात."

"हो."

"सोड्यानं?"

"ब्लीच पण. चमचाभरच."

"अहो, सांगून गेले होते ना मी!"

"मला वाटलं, तुला लाज वाटते."

"कसली?"

"मळाची. म्हटलं, येशील तेव्हा सगळं लख्ख असावं."

रागवायला निघालेला ताईचा चेहरा मधेच कुठेतरी विरघळला. मग तिने चिमटीत वरचा थर उचलला. "आणि हे काय?"

"ते माझे खांदे आहेत," मी म्हणालो.

ती इतकी हसली की बाळ जागे झाले. मी संधी साधून रीतसर मागणी केली की आता मासा बरा आहे, तरी पॅड मला परत मिळावीत. ताई म्हणाली, "अरे, वस्ती बसलीय त्यांच्यात. आता उपटलेस तर पुन्हा पाणी बिघडेल." भाची म्हणाली, "मामा, ते बटणाचे झाले." दाजी म्हणाले, "बरोबर आहे तुमचं, प्राध्यापक," आणि माझ्यापुढे खुर्ची सरकवली. मी बसलो.

तेव्हापासून आसपासची माणसे डबे घेऊन लाँड्रीत येतात. कुणाच्या टाकीचे पाणी गढूळ झालेले असते, कुणी नवी टाकी घेतलेली असते. येणारा दारात घुटमळतो, कारण लाँड्रीत जाऊन घाण मागणे कुणालाच सोपे जात नाही. दवाखान्यात आम्हालाही ते सोपे गेले नव्हते. दाजी हातातले काम टाकून जाळीच्या पिशवीतून चार रिंगा काढून देतात आणि परक्या माशाची चौकशी घरच्यासारखी करतात.

सबब, ज्यांच्या घरी जुनी, निरोगी टाकी चालू आहे अशा सर्व वाचकांकडे माझी मागणी आहे: डबा घेऊन कुणी दारात उभा राहिला, तर त्याला हसू नका, कारणे विचारत बसू नका. आपल्या फिल्टरमधला ओंजळभर मळ त्याला द्या. आणि धुऊन देऊ नका.